पठार रिकामे नाही

ताळगावच्या पठाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते, "विद्यापीठाकडे एवढी जागा नुसती पडून आहे!" जागा आहे चारशेहून अधिक एकर. बोलणारा कधी राजकारणी असतो, तर कधी पणजीच्या आसपास फ्लॅट शोधून दमलेला आपल्यातलाच कोणी. माझा आक्षेप आहे तो 'पडून आहे' या शब्दांना.

थोडे मागे जाऊ. मुक्तीपूर्वी पणजीची वैद्यकशाळा सोडली तर महाविद्यालयीन शिक्षणासाठी गोमंतकीय मुलाला बेळगाव, धारवाड, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले महाविद्यालय निघाले, पण पदवीवर शिक्का मुंबई विद्यापीठाचाच. पदव्युत्तर अभ्यासासाठी पणजीत जे केंद्र होते, तेही मुंबईचेच. गोवा विद्यापीठाचा कायदा १९८४ साली झाला आणि १ जून १९८५ रोजी कामकाज सुरू झाले. घटक राज्याचा दर्जा मिळाला ३० मे १९८७ ला. म्हणजे राज्य होण्याआधी दोन वर्षे आपले विद्यापीठ झाले होते. ज्यांनी हे पठार त्यासाठी राखले, त्यांनी पन्नास-शंभर वर्षांचा विचार केला होता.

या संकुलाचा आराखडा सतीश गुजराल यांचा. मूळचे चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण न घेता त्यांनी दिल्लीतील बेल्जियन वकिलात बांधली आणि जगाने तिची वाखाणणी केली. लहानपणीच त्यांना ऐकू येईनासे झाले होते. पठारावर जुलैचा पाऊस कोसळतो तेव्हा वर्गात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. अशा वेळी मला त्यांची आठवण येते.

आम्ही एम. ए. ला होतो तेव्हा बसमधून उतरून विभागापर्यंत चालत जायचो. छत्री उलटी व्हायची, वह्या भिजायच्या. पण पायाखालच्या काळ्या कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरलेला असायचा. तपकिरी, रखरखीत सडा पावसाच्या चार सरींनी असा बदलतो, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

हा सडा काही ओसाड माळ नव्हे. जांभा दगड सच्छिद्र असतो. वर पडलेला पाऊस तो पितो आणि खालच्या गावांतल्या झऱ्यांना, विहिरींना हळूहळू देतो. ज्या ताळगावात दर २१ ऑगस्टला नव्या कणसांचे फेस्त होते, त्या गावाच्या डोक्यावरची ही पाण्याची टाकी आहे. तिच्यावर काँक्रीट ओतले की पाणी गटारातून थेट जुवारीत जाते, आणि मार्चमध्ये आपण टँकरची वाट पाहत बसतो.

चुका झाल्या नाहीत असे नाही. 'हिरवाई' हवी म्हणून गोव्यात सगळीकडे लावली तशी अकेशियाची झाडे इथेही आली. लांबून हिरवी दिसतात, पण त्यांचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली गवताची काडी उगवायला मारामार. पुढे २०१४ च्या लुसोफोनिया स्पर्धांच्या निमित्ताने पठारावर इनडोअर स्टेडियम उभे राहिले. खेळाला विरोध कोण करील? पण प्रत्येक वेळी कारण चांगलेच असते आणि प्रत्येक वेळी सड्याचा एक तुकडा कमी होतो.

इमारती वाढाव्यात, विभाग वाढावेत. पांडुरंग पिसुर्लेकरांचा ग्रंथसंग्रह ज्या ग्रंथालयात आहे, तिथे अभ्यासकांची रीघ लागावी. भाषावादात गोवा दुभंगला होता त्याच काळात हे विद्यापीठ जन्मले. आज मराठीचा विद्यार्थी शणै गोंयबाबांच्या नावाच्या महाशाळेत, कोकणीच्या विद्यार्थ्याशेजारी बसून शिकतो. कुणाला ते खुपत असेल, मला नाही. एकाच पठारावर दोघांना जागा होते, हे काय कमी आहे?

माझे म्हणणे एवढेच, की नवी इमारत बांधण्याआधी जुनी दुरुस्त करावी. आडवे पसरण्याऐवजी आहे त्याच जागेवर मजले चढवावेत. आणि उरलेल्या सड्याची नोंद 'मोकळी जागा' म्हणून न करता विद्यापीठाची प्रयोगशाळा म्हणून करावी. वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, इतिहास, साहित्य, सगळ्यांनाच तिचा उपयोग आहे.

चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्यासाठी चारशे एकर राखून ठेवले. आपण पुढच्यांसाठी किती ठेवणार आहोत, हे आता आपल्याला ठरवायचे आहे.