पोतं नको, रांग हवी!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

सीमाभागातल्या सभेत एक सूचना हमखास कानी पडते. कोणी तरुण गडी उठतो आणि म्हणतो, "घरपट्टीचं बिल मराठीत देत नाहीत ना? मग भरू की घरपट्टी चिल्लरीत! पोतंच ओतू खिडकीपुढं. बसू दे मोजत!" सभा हसते, टाळ्या पडतात. खरं सांगायचं तर आम्हीही हसतो. ज्याच्या घरात चार पिढ्या मराठी बोलली जाते, त्याच्या हाती त्याच्याच घराचं बिल परक्या लिपीत पडतं. मग तो शेजारच्या शाळकरी पोराला हाक मारतो आणि विचारतो, "बाळ, आकडा किती ते सांग." कर त्याचा, घर त्याचं, पैसा त्याचा, फक्त अक्षर त्याचं नाही. याचा राग यायचा नाही तर कशाचा यायचा?

राग खरा आहे. पण टाळ्या विरल्यावर हिशेब करावा लागतो, आणि तो आज आम्ही तुमच्यापुढं मांडतो. नाणी न्यावीत, असंच आमचं म्हणणं आहे. पण पोतं नेऊ नये. का, ते ऐका.

गिरणी कामगारालाच हे का सांगतो, असं कोणी विचारील. कारण या लढ्याचं देणं सर्वांत आधी तुम्ही चुकवलंत. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळी चालली, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर चालली, तेव्हा गिरणगाव घरात बसलं नव्हतं. १०६ जणांनी जीव दिला तेव्हा १ मे १९६० उजाडला. मुंबई मिळाली, पण बेळगाव, निपाणी, कारवार मागं राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला जी रेघ ओढली, ती पुसली गेली नाही. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्यालाही दोन दशकं उलटली. आज गिरणगावातले बहुतेक भोंगे थांबलेत. तुमच्यातले कित्येक गावी परतलेत, कुणाचं पोर सूतगिरणीत आहे, कुणाचं यंत्रमागावर. पण लढा कसा उभारायचा नि कसा फसतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

नाण्याची ताकद आम्ही कमी लेखत नाही. या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात पैसा फंड निघाला. माणशी एक पैसा! त्या पैशापैशातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. त्याच १९०८ च्या जुलैत लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारानं सहा दिवस साचे बंद ठेवले. पैसा एकेकाचा, दिवस एकेकाचा. बळ मात्र सगळ्यांचं. दोन्हीकडे ओझं हजारो खांद्यांवर वाटून घेतलं होतं. एकानं पोतं भरलं नि चौघांनी टाळ्या दिल्या, असं कुठंच नव्हतं.

आता पोत्याचा हिशेब करू. पहिली गोष्ट कायद्याची. नाणं सरकारचं असलं तरी ते कितीही द्यावं नि समोरच्यानं घ्यावंच, असं नाही. १९५७ पूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे होते, तेव्हाही १९०६ च्या कायद्यानं सुटे पैसे एका रुपयापुरतेच घेणं बंधनकारक होतं. आजचा कायदा २०११ चा. तो सांगतो की एक रुपया किंवा त्याहून मोठी नाणी एका वेळी हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन. आठ आण्याची नाणी दहा रुपयांपर्यंत. चार आणे नि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली. म्हणजे चार हजारांची घरपट्टी कोणी पोत्यात घेऊन गेला, तर खिडकीतला माणूस सरळ म्हणू शकतो, "घेत नाही." पोतं परत घरी. पट्टी थकली ती थकलीच, वर दंड चढणार. निषेध आपला, भुर्दंडही आपलाच! असल्या सौद्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट, पोतं कोणाच्या डोक्यावर पडतं? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात जानेवारी २०१७ मध्ये एका गृहस्थानं हे करून दाखवलं. मोटारींवरचा कर त्यानं सेंटांत भरला. सुमारे तीन लाख नाणी, हातगाड्यांत घालून! त्याचा राग कराचा नव्हताच. खात्याच्या स्थानिक कचेऱ्यांचे थेट फोन नंबर लोकांना मिळत नाहीत, यावर तो चिडला होता. मोजायचं यंत्र एवढ्या नाण्यांपुढं चालेना, तेव्हा कचेरीतली माणसं मध्यरात्र उलटेपर्यंत हातानं मोजत बसली. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, जग दोन दिवस हसलं. पण बोटं कोणाची झिजली? नियम करणाऱ्यांची नव्हे. खिडकीतल्या माणसांची.

इथंच गिरणी कामगारानं थांबून विचार करावा. १९२८ साल आठवा. आपल्यातल्या कोणी ते पाहिलं नसेल, पण आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. मालकांचा डाव काय होता? दोन साचे चालवणाऱ्या माणसाला तिसरा साचा द्यायचा. माणसं कमी, काम जास्त. आपण म्हटलं, तिसरा साचा घेणार नाही. मग आज आपणच कुणा कारकुनापुढं पोतं ओतलं, तर ते काय झालं? त्यालाही आपण तिसरा साचाच दिला की! बिल कोणत्या भाषेत छापायचं हे त्या कारकुनानं ठरवलेलं नाही. तो पगारी माणूस. कदाचित कंत्राटी असेल, आपल्या बदली कामगारासारखा. उद्या घरी पाठवला तर कोणी विचारणार नाही. मराठी असेल, कानडी असेल. कानडी असला म्हणून काय झालं? आपलं भांडण कानडी माणसाशी नाही, मराठी माणसाचा हक्क नाकारणाऱ्या फर्मानाशी आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं कामगाराच्या पोराला शोभत नाही.

"मग पट्टी भरूच नका!" असंही काही मंडळी म्हणतात. त्यांना बार्डोली आठवते. योगायोग असा की तेही १९२८ च. सरकारनं सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी तो भरला नाही आणि अखेर चौकशी होऊन वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. पण म्हशी जप्त झाल्या, जमिनींवर टाच आली, तरी फूट पडली नाही, तेव्हा हे जमलं. सारा तालुका त्यासाठी आधी तयार केला होता, गावोगाव माणसं बसवली होती. आज दोन खोल्यांच्या घरातल्या विधवा बाईला "भरू नको" म्हणून सांगायचं नि नोटीस आली की आपण सभेत भाषण ठोकायचं, हे आम्हांला मान्य नाही. ज्याला आपण पोटाशी धरू शकत नाही, त्याला आगीत ढकलू नये.

तर मग करायचं काय? आमची सूचना साधी आहे.

पट्टी प्रत्येकानं आपली आपण भरायची, वेळेत भरायची. त्यातले शंभर रुपये एकेक रुपयाच्या नाण्यांत न्यायचे, बाकीच्या नोटा. घरीच दहा-दहाच्या दहा चवडी करायच्या. कारकुनाला दिसताक्षणी हिशेब कळला पाहिजे, त्याचं एक मिनिटही वाया जाता कामा नये. नाणी बँकेतून आणायची; भाजीवालीच्या टोपलीतली सुटी चिल्लर उपसून तिचा धंदा बसवायचा नाही. शंभर नाणी म्हणजे चारशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत, म्हातारी आजीही कनवटीला लावून नेईल. पण पाचशे घरं एकाच दिवशी निघाली तर पन्नास हजार नाणी होतात, जवळजवळ एकशे नव्वद किलो. आणि त्यातलं एकही नाणं कायद्याबाहेरचं नाही!

या नाण्यांबरोबर प्रत्येकानं एक अर्ज द्यायचा, मराठीत, स्वतःच्या सहीचा. सही येत नसेल तर अंगठा. "मी कर भरला आहे. मला माझं बिल नि पावती मराठीत मिळावी." एवढंच. राज्यघटनेचं ३५० वं कलम म्हणतं की गाऱ्हाणं मांडायला कोणालाही केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडं तिथं वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. हा हक्क कागदावर आहे. तो खिडकीपाशी आणायचा. अर्ज वरिष्ठांच्या नावे लिहायचा आणि पोच घेतल्याशिवाय रांग सोडायची नाही. पाचशे पावत्या, पाचशे पोची. ही आपली खरी दौलत. पुढं न्यायालयात जायचं झालं, शिष्टमंडळ न्यायचं झालं, तर ओतलेलं पोतं कोणी पुरावा म्हणून मांडत नाही. पोच मांडता येते.

यावर कोणी म्हणेल, "एवढ्या सभ्यपणानं कोण दाद देणार? कोणाला तरी त्रास झाल्याशिवाय सरकार हलत नाही." बरोबर आहे, त्रास झालाच पाहिजे. पण तो ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याला व्हावा. एका माणसाचं पोतं ही गंमत असते. साहेब खिडकीतून बघतो, हसतो नि जेवायला जातो. पाचशे माणसांची मुकाट रांग, हातात चवडी नि अर्ज, कोणाशी भांडण नाही, शिवी नाही, मागं हटणं नाही, ही रांग बघून साहेबाला जेवण जात नाही. आणि त्या रांगेनं कारकुनाला जादा काम लावलेलं नसतं. ती बिलं आज ना उद्या त्याच्याकडं यायचीच होती. आता तर बिल घरबसल्या फोनवरूनही भरता येतं. भरलं, संपलं, कोणाला पत्ता नाही. म्हणून तर तो एक दिवस पायांनी चालत खिडकीपाशी जायचं. जिथं आपण दिसतो, तिथंच आपलं ऐकलं जातं.

एका दिवसात बिल मराठीत छापून येईल, असं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही. सहा दशकांवर जुनं दुखणं एका चवडीनं बरं होत नाही. पण बंधूंनो, धोटा एकदा इकडून तिकडं गेला म्हणजे कापड होत नाही. तो जात-येत राहतो तेव्हा इंचभर कापड दिसतं. वर्षाच्या वर्षाला बिल येतं, वर्षाच्या वर्षाला रांग लागली पाहिजे, आणि दर वर्षी ती मागच्यापेक्षा लांब झाली पाहिजे.

ज्यांचं घर, ज्यांचे नातलग, ज्यांची सोयरीक सीमेपलीकडं आहे, त्यांनी हे चोपडं तिकडं पाठवावं. ज्यांचं कोणी नाही, त्यांनी त्या दिवशी रांगेतल्या माणसांना पाणी द्यायला यावं. गिरणीच्या फाटकावर संपाच्या दिवसांत कोण उभं राहिलं आणि कोण नाही, हे आपण आयुष्यभर विसरलो नाही. सीमेवरचा माणूसही विसरणार नाही.

कर भरू, हक्कानं भरू! पावती घेऊ, मराठीत घेऊ!