सहा दिवसांची कमाई रविवारी उधार वाटू नका



आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. आज तुमच्या सुट्टीच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे आणि माझंच एक जुनं वाक्य मागे घ्यायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओत मी म्हणालो होतो, "धंदेवाल्याला रविवार नसतो." बऱ्याच जणांनी ते स्टेटसला ठेवलं. मलाही भारी वाटलं. मग गेल्या वर्षी माझा रिपोर्ट आला. वय ३४, एचबीएवनसी ६.१. ही तपासणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते आणि ५.७ ते ६.४ म्हणजे माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, खाणं आणि चालणं सांगितलं. मी सोमवार ते शनिवार अगदी काटेकोर पाळलं. तीन महिन्यांनी पाहतो तर वजनाचा काटा जिथल्या तिथे!

मग तुम्हाला जे शिकवतो तेच स्वतःवर केलं. रोजमेळ लिहिला, फक्त पैशाचा नाही, खाण्याचा. चार आठवड्यांची पानं समोर ठेवली आणि गळती दिसली. रविवार.

हिशेब साधा आहे. समजा, रोज ३०० कॅलरी कमी खाल्ल्या. सहा दिवसांची बचत १८००. आता माझा रविवार पाहा. सकाळी गरम कचोऱ्या आणि जिलबी. दुपारी शेतात रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वरून तुपाची धार. मग दोन तास झोप. रात्री कोणाचं तरी रिसेप्शन. एवढ्यात १८०० कॅलरी जास्त गेल्या की आठवड्याची शिल्लक शून्य. म्हणजे सहा दिवस रोखीनं धंदा केला आणि सातव्या दिवशी सगळा गल्ला उधारीवर वाटला.

आणि वर आपणच म्हणतो, "एका दिवसानं का होते बाप्पा?"

तुम्हाला २०१८ च्या आसपासचा वाद आठवत असेल. घराघरात एकच प्रश्न होता, दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या विचाराचं मूळ आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांकडे जातं. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, घरचं, आपल्या मातीतलं, ऋतूप्रमाणे खा. आमच्या लाइनीतल्या दुकानदारांचेही दोन गट पडले होते. गंमत म्हणजे रविवारी दोन्ही गट एकाच कचोरीच्या गाडीवर भेटायचे. माझं मत विचाराल तर आपला घोटाळा डाएट निवडण्यात नाहीच. तो ज्या दिवशी वेळापत्रक नसतं त्या दिवशी होतो.

नीट पाहा. आठवडाभर आपल्याला शिस्त कोण लावतं? दुकान. दहाला शटर, दोनला डबा, मध्ये गिऱ्हाईक असलं की तोंडात काही टाकायला वेळ नाही, दिवसभर उभं राहणं. त्याला आपण आपली इच्छाशक्ती समजतो. सुट्टीच्या दिवशी शटर बंद राहतं आणि ती शिस्तही आतच राहते.

इच्छाशक्ती आपल्यात नाही असंही नाही, राजेहो. शेवटच्या श्रावणी सोमवारची कावड पाहा. अकोल्याची पोरं गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेतात आणि सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालत येऊन राजराजेश्वराला वाहतात. यातली किती पोरं एरवी किराणा आणायला कोपऱ्यापर्यंत गाडी काढतात! मग कावडीला कसं जमतं? कारण तिथे दिवस ठरलेला, वाट ठरलेली आणि सोबत ठरलेली. आपल्या रविवारी यातलं काहीच ठरलेलं नसतं.

म्हणून मी "चीट डे" या शब्दाच्या विरोधात आहे. चीट म्हणजे फसवणूक. एकट्याच्या धंद्यात मालकानं गल्ल्यातून गुपचूप पैसे उचलले तर फसवलं कोणाला? सुट्टीला मौज करा, पण ती बजेटमध्ये लिहून करा. मी सध्या चार गोष्टी पाळतो.

पहिली, उठायची आणि जेवायची वेळ रविवारीही तीच. ताटात काय असेल ते बदलू द्या, घड्याळ बदलू नका.

दुसरी, शनिवारी रात्रीच ठरवायचं की उद्याची मौज कोणती. रोडगे असतील तर कचोरी नाही. रिसेप्शन असेल तर दुपारी साधं वरण-भाकर. दिवसाला एकच उधारी. घरात हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आई म्हणतेच, "घे न अजून एक, रोज थोडीच करते मी रोडगे." आईला ऐन ताटावर नाही म्हणता येत नाही, आदल्या रात्री सांगता येतं.

तिसरी, सकाळचं चालणं, आणि तेही सोबत घेऊन. आम्ही तिघं दुकानदार कृषी विद्यापीठाच्या बाजूला जातो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पार जातो, म्हणून साडेपाचला निघायचं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आठवड्यात वेळच मिळत नसेल तर सुट्टीचा दिवस वाया घालवू नका. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ६३ हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता. आठवड्याचा व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांमध्येही, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं. म्हणजे रविवार हा तोट्याचाच दिवस असतो असं नाही, तो भांडवलाचाही होऊ शकतो.

चौथी, सोमवारी शिक्षा नाही. रविवारी घसरलो म्हणून सोमवारी उपास धरायचा आणि मग साबुदाण्याची खिचडी दोन प्लेट खायची, हा हिशेब कोणत्याच वहीत बसत नाही. चुकलं तर पुढच्या जेवणापासून रुळावर. आणि साखरेची किंवा बीपीची गोळी सुरू असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता ते वाक्य. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. त्याच कायद्यात कामगाराच्या साप्ताहिक सुट्टीचीही सोय आहे. मालकानं कधी थांबायचं हे मात्र त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. प्रोप्रायटरशिपमध्ये कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तुमचा धंदा वेगळे नाहीत. तुम्ही महिनाभर आडवे झालात तर आजारपणाची रजा मंजूर करणारा कोणी नाही. हप्ता, भाडं आणि पोराचा पगार तारखेला येणारच.

तेव्हा "धंदेवाल्याला रविवार नसतो" हे मी चुकीचं बोललो होतो. धंदेवाल्याला सुट्टी हवी. ती रविवारी घ्या, नाहीतर तुमच्या बाजारपेठेच्या बंदच्या दिवशी घ्या. पण दुकान जसं वेळेवर उघडता तसा तो दिवसही वेळेवर उघडा.

माझा परवाचा रिपोर्ट ५.८ आला. उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण पाय मागे घेतला आहे. येत्या शनिवारी रात्री एका कागदावर उद्याच्या तीन ओळी लिहा: किती वाजता उठणार, कोणासोबत चालणार, कोणती एक मौज करणार. बाकीचं सोमवारी दुकान सांभाळून घेईल.