बोलणारा सभासद कारखान्याचा वैरी नव्हे



मागे एकदा कुंभारीत ऊस बैठक होती. खोडव्यातले पाचट जाळू नका, असे आम्ही तासभर सांगितले. तेव्हा मागून एक वयस्कर सभासद उठले.

"सायेब, तुम्ही सांगितलं म्हणून यंदा पाचट ठिवलं. खोडवा पिवळा पडलाय की ओ. त्याचं काय?"

लोक हसले. आम्हाला राग आला. "तुमची जमीनच हलकी, त्याला आम्ही काय करणार?" असे बोलून आम्ही विषय मिटवला.

रात्री झोप लागेना. सकाळी त्यांच्या बांधावर गेलो. जमीन चांगली होती. चूक आमची होती. पाचट कुजताना जमिनीतले नत्र ओढून घेते. म्हणून टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकावे लागतात. हे आम्हाला ठाऊक होते, पण सांगायचेच राहिले होते. पुढच्या बैठकीत सर्वांसमक्ष चूक कबूल केली. आमची पत गेली नाही. उलट लोक मोकळेपणाने विचारू लागले.

आम्ही तर पगारी माणसे. खुर्ची जितकी मोठी, तितकी ही सवय अधिक हवी. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यासाठी विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडले, पण पहिले अध्यक्ष झाले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे ओळखणारा पुढारीच जाणत्या माणसाला शेजारी बसवतो. फक्त 'होय साहेब' म्हणणारी माणसे गोळा करणाऱ्याला वजनकाट्यावरची कुरबुर शेवटी कळते, तोवर ऊस दुसरीकडे गेलेला असतो.

१९६० च्या सहकार कायद्याने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते. ती 'मंजूर, मंजूर' ओरडण्यासाठी नाही. सभासदांनी अहवाल वाचून यावे, तोडणी, उतारा, खर्च यांवर नेमका प्रश्न लेखी द्यावा, शिवीगाळ नको. आणि व्यासपीठावरच्यांनी, आमच्यासह, उत्तर देण्याआधी एकदा बांधावर जाऊन यावे.

आमचे काही चुकत असेल तर सांगा. राग येईल, पण येऊ.