'ऑटोमॅटिक' नावाची थाप

मंडळी, आजचा लेख भांडकुदळ आहे, आधीच सांगून ठेवतो. आपल्या आयटीच्या धंद्यात एक शब्द फार माजलाय: 'ऑटोमॅटिक'. व्हिडिओ टाका, एन्कोडिंग ऑटोमॅटिक. थंबनेल ऑटोमॅटिक. स्वतःच्या सर्व्हरवर व्हिडिओची साइट उभी करून देणारी कुठलीही तयार स्क्रिप्ट घ्या, तिच्या जाहिरातीत हे असतंच. माझं म्हणणं एवढंच आहे की बिघडल्यावर जे तोंड उघडत नाही त्याला ऑटोमॅटिक म्हणू नये. त्याला मुकं म्हणावं.

घरातलं वॉशिंग मशीन घ्या. नळाचं पाणी गेलं की ते थांबतं, टीं टीं करून घर डोक्यावर घेतं आणि एक कोड दाखवतं. मग कुणीतरी उठून नळ बघतं. आता असं मशीन डोळ्यांपुढे आणा, जे पाणी नसतानाही गुरगुरतं, 'धुणं झालं' म्हणून सांगतं आणि वर कपडे कचऱ्यात टाकून मोकळं होतं. हसू नका. व्हिडिओच्या कित्येक तयार स्क्रिप्ट अगदी हेच करतात, आणि आपण त्यांना पाच तारे देतो.

पडद्यामागे

तुम्ही अपलोडचं बटण दाबता. वेब सर्व्हर फाइल घेतो, पीएचपीच्या हातात देतो. पीएचपी ती ठरलेल्या फोल्डरमध्ये हलवते आणि एफएफएमपेगला हाक मारते. खरं काम हा गडी करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प आज जगातल्या निम्म्याअधिक व्हिडिओ-उद्योगाची हमाली फुकटात करतो म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तो फाइल उलगडतो, ब्राउझरला पचेल अशी नवी बनवतो, मधलीच एक चौकट उचलून थंबनेल काढतो. शेवटी स्क्रिप्ट डेटाबेसात 'तयार' अशी नोंद करते.

म्हणजे सांधे पाच-सहा. आणि प्रत्येक सांधा निखळू शकतो.

पहिल्याच पायरीवर बघा. एनजिनएक्समध्ये अपलोडची मूळ मर्यादा १ एमबी. पीएचपीत एका फाइलची मर्यादा २ एमबी, पूर्ण फॉर्मची ८ एमबी. हे आकडे कुणी वाढवले नसतील तर फोनवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओसुद्धा आत येत नाही. त्यातही गंमत अशी की फॉर्मची मर्यादा ओलांडली की पीएचपी स्क्रिप्टला रिकामा फॉर्म देते. फाइल नाही, शीर्षक नाही, काहीच नाही. स्क्रिप्टला वाटतं, या माणसानं काही पाठवलंच नाही. ती म्हणते, 'कृपया शीर्षक भरा'. बिचारा माणूस शीर्षक पुन्हा भरतो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो स्वतःलाच मूर्ख समजायला लागतो.

माझा खरा राग इथे आहे. चूक यंत्राची आणि लाज माणसाला.

एक खरं उदाहरण

एका छोट्या संस्थेची साइट मी शनिवार-रविवारी बघतो. निवृत्त शिक्षकांनी चालवलेली संस्था आहे, विज्ञानाचे घरगुती प्रयोग फोनवर चित्रित करून साइटवर टाकतात. ही साइट माझ्याकडे आली तेव्हा ६४ व्हिडिओंपैकी ३१ 'प्रक्रिया सुरू आहे' या अवस्थेत महिन्याभरापासून लटकले होते. होस्टिंगवाल्यांकडे तक्रार गेली होती. उत्तर आलं: 'सर, आमच्या बाजूनं सर्व ठीक आहे. मोठा प्लॅन घेऊन बघा.' संस्थेनं वर्गणी काढून मोठा प्लॅन घेतला. ३१ चे ३१ तिथेच.

कारण शोधायला पाऊण तास लागला. त्यातली चाळीस मिनिटं तर लॉग कुठे आहे हे शोधण्यात गेली, कारण लॉग नव्हताच. एफएफएमपेग आपलं सगळं म्हणणं एरर-आउटपुटवर मांडतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानं ते आउटपुट शून्याच्या विहिरीत सोडलं होतं, म्हणजे डेव्ह-नलमध्ये. प्रोग्राम संपताना एक आकडा परत देतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे गडबड. स्क्रिप्टनं तो आकडा वाचायचेही कष्ट घेतले नव्हते.

ते आउटपुट एका फाइलकडे वळवलं आणि उत्तर समोर आलं: १२७. म्हणजे 'असा प्रोग्रामच सापडत नाही'. सर्व्हर बदलताना एफएफएमपेग दुसऱ्या फोल्डरमध्ये बसवला गेला होता आणि स्क्रिप्टच्या सेटिंगमध्ये जुनाच पत्ता होता. टर्मिनलमध्ये हातानं चालवला की मस्त चालायचा, म्हणून होस्टिंगवाल्यांच्या 'बाजूनं ठीक'. वेब सर्व्हरचा युजर वेगळा, त्याचा पाथ वेगळा, त्याचे अधिकार वेगळे, हे त्यांनी बघितलंच नाही. नवा पत्ता घातल्यावर २७ व्हिडिओ तयार झाले. उरलेले ४ फोर-के होते. त्यांचा आकडा १३७, म्हणजे मेमरी संपली आणि लिनक्सनं प्रोसेसची मान मुरगळली. स्वॅप वाढवला, एका वेळी एकच काम चालेल अशी रांग लावली, तेही झाले.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख लिहिलाच नसता. आधी 'तयार' म्हणून नोंदलेल्या ३३ व्हिडिओंपैकी ९ उघडेचनात. फाइल होती, पण अर्धवट. डिस्क भरल्यामुळे एन्कोडिंग मध्येच मेलं होतं. मग मूळ फाइल घेऊन पुन्हा करू म्हटलं, तर मूळ फाइलच नव्हती. स्क्रिप्टमध्ये 'रूपांतरानंतर मूळ फाइल पुसा' हा पर्याय पहिल्यापासून चालू होता. रूपांतर झालंय की नाही, हे न बघता तिनं पुसलं. आणि साइटनं 'व्हिडिओ यशस्वीरीत्या अपलोड झाला' असं हिरव्या अक्षरांत सांगितल्यामुळे सरांनी फोनवरूनही काढून टाकलेले. फोनमध्ये जागा नको का?

नऊ प्रयोग गेले. काही पुन्हा करता येतील. त्यातला एक ज्या बाईंनी केला होता त्या आता हयात नाहीत.

'यशस्वीरीत्या' हा शब्द लिहिणाऱ्या प्रोग्रामरला याची कधी खबरही लागणार नाही. म्हणून मी त्याला इथे शिव्या घालतोय.

तीन सल्ले, तिन्ही वाईट

अशा वेळी मदत मागायला जा, तीन सल्ले हमखास मिळतात.

एक, 'पुन्हा इन्स्टॉल करा'. डॉक्टरनं नाडी न बघता ऑपरेशनची तारीख द्यावी तसं हे. कारण शिल्लक राहतं, पुरावा मात्र जातो.

दोन, 'फोल्डरला ७७७ करा'. म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही त्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा. किल्ली लागत नाही म्हणून दारच काढून ठेवायचं. अपलोडचं फोल्डर वेब सर्व्हरच्या युजरच्या मालकीचं करा आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणार नाही अशी सोय करा. एवढं पुरतं.

तीन, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एखादी आज्ञा जशीच्या तशी चिकटवा. ही खोड फार जुनी. जालावरचे असे अर्धे सल्ले फ्लॅशच्या जमान्यातले आहेत. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला अधिकृतपणे संपला, पण त्याच्या एफएलव्ही फाइली बनवायच्या पाककृती अजून फिरताहेत. २०११ मध्ये एफएफएमपेगच्या मंडळींत फूट पडून लिबएव्ही निघाला. डेबियन-उबुंटूनं काही काळ तोच उचलला आणि 'एफएफएमपेग आता कालबाह्य आहे' अशी सूचना लोकांच्या पडद्यावर झळकली. ती फक्त त्या पॅकेजपुरती होती. उबुंटू २०१५ मध्ये एफएफएमपेगकडे परतला, डेबियन २०१७ मध्ये. सूचना मात्र लोकांच्या डोक्यात राहिली. सल्ल्यालाही एक्स्पायरी डेट असते.

थंबनेलची काळी चौकट

थंबनेलला लोक किरकोळ समजतात. पण पन्नास व्हिडिओंच्या यादीत पन्नास काळ्या चौकटी दिसल्या तर कोण क्लिक करणार?

काळं का येतं? बहुतेक स्क्रिप्ट पहिलीच चौकट उचलतात आणि बरेच व्हिडिओ अंधारातून उजळत सुरू होतात. काही स्क्रिप्ट 'दहाव्या सेकंदाची चौकट' असं ठोकून देतात. व्हिडिओ आठच सेकंदांचा असेल तर? एफएफएमपेग 'काहीच एन्कोड झालं नाही' अशी कुरकूर करतो, पण परत देतो बहुधा शून्यच, म्हणजे 'ठीक'. रिकामं आउटपुट आलं तर थांब, हे त्याला वेगळ्या पर्यायानं सांगावं लागतं.

हे नीट लक्षात घ्या, कारण वर मी आकडा वाचा म्हणालो. नुसता आकडा वाचून भागत नाही. निघालेली वस्तू बघावी लागते. थंबनेलची फाइल आहे का, शून्य बाइटची तर नाही? नव्या व्हिडिओची लांबी एफएफप्रोबनं मोजा, मूळ लांबीशी जुळते का? चार ओळींचं काम आहे. आधी लांबी मोजा, तिच्या दहा-वीस टक्क्यांवरची चौकट घ्या. किंवा एफएफएमपेगचा थंबनेल नावाचा फिल्टर वापरा, तो एकेका घोळक्यातली प्रातिनिधिक चौकट निवडतो. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे तीन चौकटी काढा आणि माणसाला निवडू द्या. लिंबावर बल्ब पेटला तो क्षण कोणता, हे सरांना माहीत आहे. फिल्टरला नाही.

'यूट्यूबवर टाका की!'

हे ऐकू येणारच. ऑफिसात कॅन्टीनमध्ये विषय काढला की पहिलं वाक्य हेच. आणि खरं सांगायचं तर दहातल्या आठ जणांना मीही हेच सांगेन. हिशेब साधा आहे. दहा मिनिटांचा व्हिडिओ २ एमबीपीएसनं दाखवला तर १५० एमबी जातात. हजार जणांनी पाहिला की १५० जीबी. लहान संस्थेला हे झेपत नाही. दाखवण्यासाठी यूट्यूब उत्तमच.

पण दाखवणं वेगळं, जपणं वेगळं. त्याच घरातला गूगल व्हिडिओ २०१२ मध्ये बंद झाला. मायस्पेसनं २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षांत चढवलेलं संगीत गेलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांची ही कथा, तिथे आपल्या 'ऑटोमॅटिक' स्क्रिप्टची काय पत्रास? मुद्दा स्वतःचा सर्व्हर की परक्याचा, हा नाहीच. मूळ फाइल कुणाच्या हातात आहे, हा आहे.

मागणी

तर अशा स्क्रिप्ट लिहिणाऱ्या, विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या आपल्या सगळ्या बिरादरीकडे माझ्या मागण्या. मूळ फाइल आपणहून कधीही पुसू नका, पर्याय ठेवायचाच तर तो बंद ठेवा. एफएफएमपेगचं पूर्ण म्हणणं प्रत्येक व्हिडिओच्या नावानं जपून ठेवा आणि साइट चालवणाऱ्याला एका क्लिकवर दाखवा. 'प्रक्रिया सुरू आहे' याला मुदत घाला, व्हिडिओच्या लांबीच्या ठरावीक पटीत काम संपलं नाही तर 'अडकलं आहे' असं स्वच्छ लिहा आणि मेल पाठवा. आणि 'यशस्वी' हा शब्द नवी फाइल तपासल्याशिवाय वापरू नका. तोवर 'फाइल पोचली, अजून तपासायची आहे, तुमची प्रत पुसू नका' असं म्हणा. लांबलचक वाटेल, पण खरं असेल.

यातलं काहीही अवघड नाही. दोन शनिवारांचं काम आहे. ते होत नाही, कारण डेमोमध्ये ते दिसत नाही. डेमोमध्ये व्हिडिओ नेहमी छोटा असतो, डिस्क रिकामी असते आणि बघणाऱ्याला हिरवी अक्षरं आवडतात.

असो. पुढच्या वेळी कुणी 'सगळं ऑटोमॅटिक आहे हो' म्हणालं, तर त्याला एकच विचारा: बिघडलं तर मला कसं कळेल? उत्तर देताना तो अडखळला, तर पाकीट परत खिशात ठेवा. आणि हो, सरांना फोनवरचे व्हिडिओ पुसू देऊ नका.