ज्याची वस्तू त्याच्या हाती



वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी शेतावरच्या अवजारांच्या खोलीविषयी लिहीत आहे. विषय साधा आहे. पण या खोलीने आमच्या घराला एक धडा दिला, तो आधी सांगतो.

अब्बांचा इंतिकाल झाला त्याला आता दीड वर्ष होईल. इद्दतीचे दिवस पूर्ण झाल्यावर अम्मी शेतावर आली आणि पहिलीच गोष्ट बोलली ती ही : "ती खोली उघडा. तुमच्या अब्बांनी कोणाकोणाचे काय आणून ठेवले असेल, ते आधी बघा. वाटणीचे नंतर."

खोली म्हणजे गोठ्याला लागून असलेली दहा बाय बाराची टिनाची जागा. आत डवऱ्याची पाती, तुटलेली तिफण, मोटरचे जुने स्टार्टर, खताची रिकामी पोती, ड्रिपच्या नळ्यांची भेंडोळी, सगळे एकमेकांवर. अब्बांना काय कुठे आहे ते अंदाजाने ठाऊक असे. आम्हा भावांना काहीच ठाऊक नव्हते. सगळे अंगणात काढायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी पोत्यांच्या थप्पीमागे, जुन्या टायरच्या आत, एक मोठा पाइप पाना सापडला. त्याच्या दांडीवर पंचाने ठोकलेली दोन अक्षरे होती. ती आमची नव्हती, बांधाशेजारच्या काकांची होती.

या पान्याची गोष्ट आम्हाला माहीत होती. चार वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर काढायला अब्बांनी तो आणला होता. काकांनी मागितला तेव्हा अब्बा म्हणाले, "मी परत दिला." काका म्हणाले, "मला मिळाला नाही." दोघेही खरे बोलणारे. भांडण झाले नाही, पण बोलणे थांबले. ईदचा शीरखुर्मा त्या घरी जाणे बंद झाले आणि दिवाळीचे ताट आमच्याकडे येणे बंद झाले. अब्बा मनापासून समजत होते की पाना परत गेला आहे, आणि तो त्यांच्याच खोलीत होता. हे त्यांना कळले नाही आणि ते गेले.

मी पाना पुसून काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो हातात घेतला आणि ओट्यावर बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुझ्या अब्बाच्या मातीला आलो होतो बेटा, पण घरात पाय टाकला नाही. एका लोखंडासाठी मी चार वर्षं मनात धरून बसलो." मी म्हटले, "काका, चूक आमच्याकडूनच झाली. अब्बांना माफ करा." ते म्हणाले, "मी कधीच केलं. आता त्याने मला करायला पाहिजे होतं."

घरी आल्यावर अम्मीला सांगितले. ती रडली आणि म्हणाली, "खोली नीट असती तर एवढे झालेच नसते."

तेव्हापासून मला पटले आहे की खोली नीट लावणे म्हणजे केवळ टापटीप नाही. ती अमानत सांभाळण्याची व्यवस्था आहे. कुरआनात सूरह अन-निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याचा आदेश आहे. त्याच सूरहमध्ये वारसाहक्काचे हिस्से सांगताना ते वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतरचे आहेत, हेही स्पष्ट केले आहे. मागून आणलेला पाना हाही देण्याचाच भाग. आता आम्ही खोली कशी लावली ते क्रमाने सांगतो.

आधी चार ढीग. सगळे सामान अंगणात काढल्याशिवाय खोली लागत नाही. पहिला ढीग दुसऱ्यांच्या वस्तूंचा, दुसरा चालू अवजारांचा, तिसरा दुरुस्तीच्या लायकीचा, चौथा भंगाराचा. पहिला ढीग त्याच आठवड्यात संपवायचा. आमच्या ढिगात सात वस्तू निघाल्या. एका वस्तूचा मालक वारला होता, ती त्यांच्या मुलांना दिली. एका घमेल्याचा मालक कितीही विचारून सापडला नाही. तेव्हा आलिमांना विचारून, त्याच्या किमतीइतकी रक्कम त्या माणसाच्या नावाने सदका केली. भंगार विकताना मन घट्ट करावे लागते. "कधीतरी लागेल" या दोन शब्दांनीच आमची खोली भरली होती.

उजेड आणि टेबल. काम करायचे टेबल खिडकीजवळ ठेवावे. उजव्या हाताने काम करणाऱ्याला उजेड डावीकडून मिळाला तर हाताची सावली कामावर पडत नाही. टेबल जड हवे. आम्ही जुन्या बाभळीच्या फळ्या लोखंडी अँगलवर बसवल्या आणि पाय कोब्यात पक्के केले. व्हाइस बसवताना उंचीचा हिशोब सोपा आहे : सरळ उभे राहून हात कोपरात वाकवला की कोपर जिथे येते, तिथे व्हाइसच्या जबड्याची वरची कड यावी. त्यापेक्षा खाली असेल तर कानस चालवताना कंबर धरते.

भिंतीवर जागा. हाताची अवजारे पेटीत टाकू नयेत, भिंतीवर टांगावीत. एक प्लायवुडची फळी भिंतीवर ठोकली, त्यावर पक्कड, हातोडी, करवत, पाने ठेवून पेन्सिलने कड काढली आणि आतला भाग रंगवला. आता संध्याकाळी दारातून एक नजर टाकली की रिकामा आकार लगेच दिसतो. काय गेले ते आठवावे लागत नाही, भिंतच सांगते. अब्बांच्या वेळी अशी फळी असती आणि दुसऱ्यांच्या वस्तूंना वेगळी खुंटी असती, तर तो पाना टायरमध्ये चार वर्षे पडला नसता. म्हणून दाराच्या अगदी शेजारी आम्ही एक लाल खुंटी ठोकली आहे. मागून आणलेली वस्तू फक्त तिथेच टांगायची. आत-बाहेर जाताना ती डोळ्यांना टोचली पाहिजे.

धारेची अवजारे. विळे, कोयते, कुऱ्हाडी यांची धार भिंतीकडे आणि मुलांच्या हाताच्या वर ठेवावी. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. उघडी तलवार दुसऱ्याच्या हाती देण्यासही त्यांनी मनाई केली आहे. विळा देताना मूठ समोरच्याकडे करून द्यावी, पाते नाही, हे मुलांना मी याच हदीसच्या आधारे शिकवतो. जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा कापून कोयत्याच्या धारेवर चढवला की म्यान तयार होते.

नट-बोल्ट आणि पाने. पारदर्शक झाकणबंद बरण्या घ्याव्यात आणि एका बरणीत एकाच मापाचे बोल्ट ठेवावेत. बरणीवर बोल्टचे माप आणि त्याला लागणाऱ्या पान्याचा नंबर, दोन्ही लिहावे. बहुधा 6 मिलिमीटरच्या बोल्टला 10 चा पाना लागतो, 8 ला 13, 10 ला 17 आणि 12 ला 19. हे चार आकडे भिंतीवर लिहून ठेवले तर पोरगाही बरोबर पाना घेऊन येतो. ड्रिपचे जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप आणि फवारणी पंपाचे वॉशर, नोझल यांचे डबे वेगळे असावेत.

वीज. इथे पैसे वाचवू नयेत. खोलीला स्वतंत्र मेन स्विच, खरी अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावा. वीज अंगातून जाऊ लागली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. तीन पिनांच्या वायरची अर्थिंगची पिन काढून दोन पिनांत खुपसण्याची सवय सोडावी. ग्राइंडरचे गार्ड काढू नये, डोळ्यांवर चष्मा लावावा आणि सैल कुर्ता किंवा ओढणी अंगावर ठेवून तो चालवू नये. चकतीवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नसावा आणि मुदत संपलेली चकती वापरू नये. कापण्याच्या पातळ चकतीच्या बाजूने घासू नये, ती फुटते. ठिणग्या उडतात तिथे डिझेलचा कॅन आणि रिकामी पोती नकोत. फवारणी पंपाची बॅटरी खेळत्या हवेत चार्ज करावी. रात्री झोपण्यापूर्वी दिवे विझवण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. आमच्यासाठी तिचा अर्थ हा : खोली बंद करताना मेन स्विच बंद.

औषधे या खोलीत नाहीत. कीटकनाशकांना वेगळे, कुलूप असलेले लोखंडी कपाट हवे, आणि तेही घरापासून, जनावरांच्या चाऱ्यापासून दूर. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. उरलेले औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. तहानलेले मूल बाटली पाहते, चिठ्ठी वाचत नाही. युरियाची पोतीही दूर ठेवावीत. युरिया ओल धरतो आणि लोखंडाला गंज चढवतो.

गंज आणि दांडे. पावसाळ्याआधी एक दिवस काढावा. पाती तारेच्या ब्रशने घासून, कोरडी करून त्यांवर तेलाचे फडके फिरवावे. दांड्यांना जवसाचे तेल चांगले मुरते. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नये, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. मोकळ्या हवेत पसरून वाळवावी.

काय विकत घ्यावे? एकदम सगळा संच नको, आणि व्याजाच्या हप्त्यावर तर मुळीच नको. आमचा नियम असा की जी वस्तू तीनदा मागून आणावी लागली, ती चौथ्या वेळी विकत घ्यायची. अशाने पैसे गरजेच्याच वस्तूवर जातात.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वात मोलाची वस्तू : दाराला दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल. तिच्यात चार रकाने आहेत : वस्तू, कोणाची किंवा कोणाला, कोणत्या दिवशी, परत केव्हा. आपण आणलेलेही लिहायचे आणि दिलेलेही. परत देताना समोरच्याच्या हातात द्यायचे आणि लगेच ओळ खोडायची. अब्बांच्या बाबतीत नेमके हेच राहिले. पाना परत द्यायचे त्यांनी मनात ठरवले असेल, पुढे ते केल्यासारखेच वाटले असेल. माणसाच्या आठवणीचे असे होते. देणे-घेणे ठरल्या मुदतीचे असेल तर ते लिहून ठेवा, हा सूरह अल-बकरामधला आदेश कर्जाविषयी आहे. पण त्यातली खबरदारी पान्यालाही उपयोगी पडते.

काही जण म्हणतील, एवढी कटकट नको, कोणाला काही द्यायचेच नाही. हा मार्गही आपला नाही. सूरह अल-माऊनच्या शेवटी, रोजच्या वापराची लहानसहान वस्तूही न देणाऱ्यांचा निषेध आहे. ह. अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी 'माऊन'चा अर्थ सांगताना कुऱ्हाड, भांडे, बादली अशा वस्तूंची उदाहरणे दिल्याचे तफसीरमध्ये आले आहे. म्हणजे अवजार मागणाऱ्याला द्यायचे, आणि आणलेले अवजार जसेच्या तसे परत करायचे. वही या दोन्हींना मदत करते. तिच्यात अविश्वास नाही. उलट दोन खऱ्या माणसांना एकमेकांविषयी शंका येऊ नये, म्हणून ती आहे.

हे काम फक्त पुरुषांचेही नाही. आमच्या वहीचे अक्षर माझ्या लेकीचे आहे आणि खुरप्यांना धार लावायला माझी पत्नी माझ्यापेक्षा सरस आहे. प्रेषित (स.) स्वतः आपली पादत्राणे सांधत आणि कपडे शिवत. ह. दाऊद (अ.) आपल्या हाताच्या कमाईचे खात, आणि ह. जकरिया (अ.) सुतार होते. हातात पाना धरण्यात कमीपणा मानण्याचे काही कारणच उरत नाही.

मागच्या ईदला अम्मीने शीरखुर्म्याचे भांडे काकांकडे पाठवले. रिकामे भांडे परत आणायला मी गेलो, तेव्हा काका म्हणाले, "भांडं मी स्वतः आणून देईन. तुमच्या वहीत लिहून ठेव." ते दुसऱ्या दिवशी आले, भांडे अम्मीच्या हातात दिले आणि चार वर्षांनंतर आमच्या घरात बसून चहा प्यायले.

या महिन्यात एक दिवस काढा. आपली खोली, पेटी किंवा पलंगाखालचा कोपरा उघडा आणि दुसऱ्याची एक जरी वस्तू निघाली, तरी ती आपण हयात असतानाच पोहोचती करा. अल्लाह तआला आपल्या सर्वांना अमानती सांभाळण्याची तौफीक देवो आणि आपल्या मरहूम आई-वडिलांच्या राहून गेलेल्या गोष्टींना माफ करो. आमीन.