पेटीला दम लागत नाही

बोरीवलीत सोसायटीच्या सभागृहात असो की सकाळच्या चर्चगेट लोकलच्या डब्यात, भजनाची लय आता बहुधा पेटी ठरवते. बुवाच पेटीवर असतात. आणि पेटी धावते.

गाणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. भाता हलता असेतो पेटीला दम लागत नाही. म्हणून थांबायचे कुठे, हे वाजवणाऱ्याने शब्दांकडूनच शिकायचे. मोठ्या अभंगाचे चरण मोजा: ६, ६, ६ आणि ४ अक्षरे. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड. ती जागा रिकामी नाही, तिथे अर्थ मुरतो. आपण मात्र तिथे हरकत भरतो, पखवाज दुगुणीत जातो, आणि तुकोबांची तळमळ गजराच्या चालीने निघून जाते. ऐकणाऱ्याच्या हाती उरते काय? टाळी.

आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटी बाहेर ठेवली होती. तिची तक्रार स्वरांची, पेटीतून मींड निघत नाही ही. माझी तक्रार तशी नाही, पेटी मला प्रिय आहे.

'संथ गायलो तर लोक उठून जातात,' असे म्हणाल. अहो, मग गजर कशाला आहे? तिथे लय चढू द्या, पावली खेळा, कोण अडवतो? पण अभंगाच्या चरणांना त्यांची चाल द्या.

येत्या एकादशीला एवढेच करून पाहा: चौथा चरण संपला की पट्ट्यांवरची बोटे उचला आणि टाळकऱ्यांचे ऐका.