संवादाची राखण कोणी करायची?

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट सुरू झाला तेव्हा त्याचे ‘ॲडमिन’पद माझ्याकडे आले. ते मी मागितले नव्हते. आणि गेल्या सहा वर्षांत ते आपण घ्यावे असेही कोणाला वाटलेले नाही. वसतिगृहात वाढपाची पाळी ज्याच्यावर येई, त्याला रांगेतली मुलेही बोल लावीत आणि स्वयंपाकघरातील मावशीही. या पदाची गत तशीच आहे.

या गटाने चांगली कामे केली, हे आधी सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, जातवैधता प्रमाणपत्रासाठी लागणारी कागदपत्रे, शहरात नव्याने आलेल्या मुलासाठी खोली, शस्त्रक्रियेसाठी रक्त, अशा कितीतरी गरजा येथे तासाभरात भागल्या. घरच्या एका पत्रासाठी पंधरा पंधरा दिवस वाट पाहिलेल्या आमच्या पिढीला त्याचे मोल अधिक कळते.

परंतु निवडणूक जवळ आली, जयंतीच्या वर्गणीचा हिशेब निघाला किंवा पक्षांच्या गटातटांचा विषय आला, की याच ठिकाणी एका ताटात जेवलेली माणसे एकमेकांचा बाप काढतात. भांडणारे दोघे असतात, वाचणारे दोनशे. थोड्या वेळाने मला खासगीत निरोप येऊ लागतात : “सर, आता तुम्हीच काहीतरी करा.” मी विचारतो, “हेच आपण गटावर लिहाल का?” त्यावर उत्तर येत नाही. मजकूर काढून टाकला तर मी हुकूमशहा ठरतो; राहू दिला तर भित्रा.

भांडणापेक्षाही अवघड असतात ते पुढे ढकललेले निरोप. “याला आधार काय?” एवढे विचारले तरी पाठवणाऱ्यास अपमान वाटतो. “आले ते पाठवले,” असे तो म्हणतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील ती माणसे होती. त्या सुमारास अशा टोळीच्या अफवा मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या, आणि त्या पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात कोणाला मारण्याचा विचारही नसेल. त्यांनीही आले तेच पाठवले होते. पुढे एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. पाठवण्यापूर्वी विचार करण्याची सोय मात्र कोणत्याही कंपनीला करता येणार नाही.

सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले. गटात घेणे आणि गटातून काढणे, एवढाच त्याचा अधिकार, हे न्यायालयाने ओळखले. मला त्या निकालाने दिलासा मिळाला; पण तो एवढासा अधिकारही मी कसा वापरला, याचा हिशेब मला द्यावयाचा आहे.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री वादाला कंटाळून मी एका वर्गमित्राला गटातून काढून टाकले. त्याची भाषा कठोर होती, यात शंका नाही. पण मी त्याला फोन केला नाही, समज दिली नाही. बोट दाबले आणि झोपलो. नंतर त्याची आई वारली. सुट्टीत घरी जाऊ न शकणाऱ्या आम्हा मुलांना भाकरी बांधून पाठवणारी ती माउली. आम्हाला ही बातमी तीन आठवड्यांनी कळली, कारण ती सांगणाराच गटात नव्हता. मी त्याच्या घरी गेलो, क्षमा मागितली. त्याने चहा दिला. गटात मात्र तो परतला नाही.

तेव्हापासून विनयपिटकातील कोसंबीच्या कलहाची कथा मला पुन्हा पुन्हा आठवते. भिक्खूंमध्ये क्षुल्लक कारणावरून दोन तट पडले. प्रत्यक्ष तथागतांनी समजावले, तरी ते ऐकेनात. शेवटी तथागत त्यांना सोडून पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. मग कलह मिटवला कोणी? कोसंबीच्या सामान्य उपासकांनी. त्यांनी कोणाची बाजू घेतली नाही, कोणाला हाकलले नाही. भांडणाऱ्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे तेवढे थांबवले. तेव्हा भिक्खू भानावर आले आणि समेटासाठी श्रावस्तीला गेले.

माझे म्हणणे एवढेच आहे. गटाची सभ्यता ॲडमिनच्या हाती नाही. ती त्या दोनशे वाचणाऱ्यांच्या हाती आहे. कडवट वाक्याखाली आपण जो अंगठा उमटवतो, हसरे तोंड चिकटवतो, तीच त्या भांडणाची भिक्षा होय. ती बंद करावी. खासगीत मला जे सांगता, ते सौम्य शब्दांत सर्वांसमोर सांगावे. मतभेद मात्र राहू द्यावेत. मतभेद नसलेला गट शांत दिसतो, पण तो केवळ शुभेच्छांच्या चित्रांचा फलक होतो.

प्राचीन भिक्खुसंघांना ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणीचे नियम ठाऊक होते, याची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली. ज्यांचा वारसा एवढा मोठा, त्यांना दोनशे जणांच्या गटासाठी पाच नियम एकत्र बसून ठरवता येऊ नयेत का? येत्या मेळाव्यात ते ठरवावेत. कोणालाही काढण्यापूर्वी दोघांनी त्याला भेटून बोलावे, हा त्यांतील पहिला नियम असावा.

आणि ॲडमिनपद दर सहा महिन्यांनी बदलावे. वसतिगृहात झाडण्याची, वाढण्याची, पाणी भरण्याची पाळी प्रत्येकावर येत असे. म्हणूनच दुसऱ्याच्या पाळीला नावे ठेवताना जीभ थोडी अडखळत असे. माझी पाळी बरीच लांबली आहे. पुढची कोणी तरी मागून घ्यावी. आणि जो घेईल त्याने त्या मित्राच्या घरी एकदा माझ्याबरोबर यावे, ही विनंती.